हातांवरचं तेल : सोलापूरचे पाच दिवस

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २०२४

मावशीचा फोन जानेवारीतच आला होता. "बाय, अकरा तारखेला यंदा रविवारच आलाय. इथं मिस्साच्या वेळी आजाऱ्यांचा अभ्यंग आहे. तू ये." मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आणि अभ्यंग म्हणजे आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याचा विधी. मी म्हटलं, बघते. माझं 'बघते' म्हणजे 'नाही' हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तीन दिवसांनी तिनं पुन्हा फोन केला आणि म्हणाली, "मीपण घेणार आहे. एकटीनं घ्यायला नको वाटतंय." त्यावर काय बोलणार? त्याच संध्याकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, धर्मभगिनी. चव्वेचाळीस वर्षं तिनं शाळांतून आणि दवाखान्यांतून काम केलं. आता सहा वर्षं सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आहे. चार वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरू लागला. पार्किन्सन निघाला. माझं दुखणं तिच्याहून जुनं. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी मला बोटांची मूठ उघडेना. रक्ताचे रिपोर्ट झाले आणि डॉक्टर म्हणाले, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा, तीच चुकून सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. वय झाल्यावर झिजणाऱ्या गुडघ्यांचं दुखणं वेगळं, हे वेगळं. मला तेव्हा छत्तिसावं वर्ष होतं आणि मुलगी पहिलीत होती.

आता 'बघते' का म्हटलं ते सांगते. आम्हा वसईच्या कॅथलिकांच्या मनात हा रुग्णाभ्यंग म्हणजे मरणाआधीचा शेवटचा संस्कार. १९८४ साली फादर घरी आले, आजीच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं आणि रात्री आजी गेली. मी सात वर्षांची होते, दाराआडून बघत होते. तेव्हापासून ते तेल आणि मरण माझ्या डोक्यात एकत्रच आहेत. खरं तर आजीच्या बारा वर्षं आधीच, १९७२ साली, पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्यानं घालून दिला होता. त्याआधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा सगळ्या इंद्रियांना तेल लावत आणि तेही माणूस शेवटच्या घटका मोजत असताना. नव्या विधीत फक्त कपाळ आणि हात. गंभीर आजारी असलेल्या कुणालाही तो घेता येतो, आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पण वाचून कळलेलं आणि दाराआडून पाहिलेलं यांची बरोबरी होत नाही.

वसई रोडहून लोकल, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर. जिना चढताना कठड्याला हातानं नाही, कोपरानं रेलून चढते. सवय झालीय. खालची बर्थ मिळाली होती, देवाची दया. समोरच्या बर्थवर सोलापूरकडच्या एक आजी होत्या. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला गेले आणि थांबले. नवीन बाटलीचं सील मला तुटत नाही. त्या मघापासून बघत असाव्यात. "हातानं धरवंना व्हय? आणा इकडं," म्हणाल्या, कडकन सील तोडलं आणि झाकण पुन्हा सैल बसवून बाटली परत दिली. सैल बसवून दिली, हे मला फार आवडलं. रात्री पुन्हा कुणाला उठवावं लागलं नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

कुर्डुवाडी गेली तेव्हा जाग आली. उतरायच्या निदान दीड तास आधी मला उठून बसावं लागतं. माझे सांधे सकाळी गोठलेले असतात, गरम पाणी आणि हालचाल मिळाल्याशिवाय सुटत नाहीत. गाडीत गरम पाणी कुठलं, म्हणून चहा घेतला. पिण्याआधी कप दोन्ही तळव्यांत धरून बसले. मोहोळ मागं पडलं. बाहेर ज्वारीची रानं आणि तांबूस उजेड. सोलापूर आलं तेव्हा निम्मी बोटं माझी झाली होती.

स्टेशनवर मावशी स्वतः आली होती, एका तरुण सिस्टरला घेऊन. फिकट साडी, गळ्यात क्रूस, उजवा हात पदराखाली. हात पदराखाली का, ते लगेच कळलं. आम्ही मिठी मारली तेव्हा तिचा हात माझ्या पाठीवर पाखरासारखा फडफडत होता.

सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. इथला कॅथलिक समाज थोडका, पण नाना भाषांचा. रेल्वेच्या नोकरीनं आलेली तमिळ, मल्याळी घरं, मराठी ख्रिस्ती, थोडे तेलुगू, थोडे कन्नड. वसईत आम्ही गावंच्या गावं कॅथलिक. तिथं आजारी पडलं की अख्खी आळी चौकशीला येते, आणि मग अख्ख्या आळीची औषधंही. इथं मावशीला रस्त्यात ओळखणारे लोक बहुतेक हिंदू आणि मुसलमान. "सिस्टर, हात कसाय?" असं रिक्षावालाही विचारतो.

दुपारी जेवणात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. सोलापूरची ही भाकरी पापडासारखी कुरकुरीत, महिना महिना टिकते. मला ती मोडवेना. मावशीनं तिच्या ताटातली आमटी माझ्या ताटात ओतली, थरथरत्या हातानं, निम्मी ताटाबाहेर सांडली. "भिजव आणि खा," म्हणाली. ताटाबाहेरची आमटी कुणी लगेच पुसली नाही. कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यांना सवय झाली असावी. मला मात्र बरं वाटलं, कारण माझ्या घरी माझ्या हातून काही सांडलं की सगळे एकदम धावतात.

रात्री जेवणानंतर माझ्या आठवड्याच्या गोळ्या घेतल्या. मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅमच्या सहा. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात, रोज घेतल्या तर जिवावर बेततं. मी शनिवार धरलाय, म्हणजे रविवारची मळमळ सुट्टीच्या दिवशी भागते. सोमवारी फॉलिक ॲसिड. मावशीनं गोळ्या मोजताना पाहिलं आणि विचारलं, "अजून घेतेस ना नीट? मधे सोडल्या होत्यास."

सोडल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रार्थनासभेला गेले होते. मंचावरचा माणूस म्हणाला, गोळी म्हणजे देवावरचा अविश्वास, ज्याची श्रद्धा पक्की त्यानं आज रात्री औषधं फेकून द्यावीत. मी फेकली नाहीत, कपाटात ठेवली आणि तीन महिने हात लावला नाही. त्या तीन महिन्यांत उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी बाहेरच्या बाजूला कलली, ती कायमची. पुढे त्या माणसाच्या ओळखीच्या एका बाईंनी मला सांगितलं की तुमची श्रद्धा कमी पडली असेल. असं बोलणाऱ्यांवर माझा आजही राग आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. कॅथलिक बायबलात सिराकचा ग्रंथ आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितलंय, औषधं देवानंच मातीतून निर्माण केली, शहाणा माणूस त्यांचा तिरस्कार करत नाही, असं स्वच्छ लिहिलंय. त्या सभेत तो अध्याय कुणी उघडला असता तर माझी दोन बोटं आज सरळ असती.

रविवार, ११ फेब्रुवारी

मिस्सा आठला होती, म्हणून साडेपाचला उठले. गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसले. मळमळत होतं. काही खावं तर मिस्सात मिळणाऱ्या ख्रिस्तप्रसादाआधी तासभर उपवास पाळायचा असतो. आजाऱ्यांना त्यातून सूट आहे, हे मला माहीत असूनही दर वेळी अपराधी वाटतं. मावशीनं बिस्किटं पुढं केली. "खा. चर्चनं दिलेली सूट नाकारणं ही भक्ती नाही."

मग साडीच्या पिनेचा प्रसंग. मावशीला खांद्यावरची सेफ्टी पिन लावता येत नाही, हात थरथरतो. रोज ती तरुण सिस्टर लावून देते, पण आज ती चर्चमध्ये फुलं लावायला गेली होती. मला पिन धरता येते, पण दाबून बंद करता येत नाही, अंगठ्यात जोर नाही. तिनं पदर धरला. मी दोन बोटांच्या चिमटीत पिन धरून कापडात घातली. आता दाबायचं कुणी? तिनं तिचा थरथरता अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि दोघींनी मिळून दाबलं. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा तिच्या खांद्याला टोचली, ती "आई गं" म्हणाली. तिसऱ्यांदा खट् असा आवाज झाला. पाच मिनिटं गेली असतील. त्या खट् आवाजाचा आनंद कुणाला सांगून पटायचा नाही.

११ फेब्रुवारी हा लुर्डच्या मारियामातेचा सण. १८५८ साली फ्रान्समधल्या त्या गावात बर्नाडेट नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला गुहेत मातेचं दर्शन झालं, सगळी मिळून अठरा वेळा. तिथल्या झऱ्याला आजारी माणसं आजही जातात. त्याच तारखेला पोप दुसरे जॉन पॉल यांनी जागतिक रुग्ण दिन ठरवला. घोषणा १९९२ ची, पहिला दिन १९९३ चा. ते स्वतः पुढं वर्षानुवर्षं पार्किन्सननं थरथरत जगासमोर उभे राहिले. मावशीच्या टेबलावर त्यांचा फोटो आहे, म्हातारपणचा, वाकलेला. तरुणपणचा नाही.

यंदा बत्तिसावा रुग्ण दिन. पोप फ्रान्सिस यांच्या संदेशाचा गाभा उत्पत्तीच्या पुस्तकातल्या वचनावर होता, माणसानं एकटं असणं बरं नव्हे. फादरांनी ते वाचलं तेव्हा मी मावशीकडे पाहिलं. ती सरळ वेदीकडे बघत होती.

त्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला वाचायचा उतारा, मार्कचं होतं, कुष्ठरोग्याचं. रुग्ण दिनासाठी कुणी मुद्दाम निवडलेलं नव्हतं, त्या रविवारच्या क्रमानंच आलं होतं. कुष्ठरोगी गुडघे टेकून म्हणतो, तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता. त्याआधीचं वाचन जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचं, ज्यात अशा माणसानं छावणीबाहेर एकटं राहावं असा नियम आहे. येशू काय करतो? आधी हात पुढं करून त्याला स्पर्श करतो, मग बोलतो. बरं होणं तिसऱ्या क्रमांकावर आहे. इतक्या वर्षांत हा क्रम माझ्या लक्षात आला नव्हता. त्या माणसाला कितीतरी वर्षांत कुणी हात लावला नसेल. माझ्या हातांनाही लोक हात लावत नाहीत, दुखेल म्हणून. मला भेटणारे नमस्कार करतात. काळजीपोटीच करतात, पण अकरा वर्षांत माझा हात हातात घेणारी माणसं मला बोटांवर मोजता येतील.

प्रवचनानंतर आजाऱ्यांना पुढं बोलावलं. वीसेक जण असू. डायलिसिसवरचे एक रेल्वेचे निवृत्त गृहस्थ. कर्करोगाची औषधं चालू असलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई. काठ्या, वॉकर. माझ्या पोटात आजीच्या खोलीतला तोच गोळा आला. मावशीनं कोपर धरलं आणि आम्ही पुढं गेलो.

फादरांनी आधी काही न बोलता डोक्यावर हात ठेवला. ते थोडं लांबलं. मग अंगठा तेलात बुडवून कपाळावर क्रूस. पवित्र आत्म्याच्या कृपेनं प्रभू तुला साहाय्य करो, अशा अर्थाचे शब्द. मी "आमेन" म्हटलं. मग त्यांनी माझे हात मागितले. मी पुढं केले, पण तळवे पूर्ण उघडत नाहीत, वाटीसारखे राहतात. त्यांनी जबरदस्तीनं उघडले नाहीत. खालून स्वतःचा हात लावून आधार दिला आणि जेवढी जागा उघडी होती तेवढ्यात तेलाचा क्रूस काढला. म्हणाले, प्रभू तुला तारो आणि उठवो.

उठवो. बायबलातल्या याकोबाच्या पत्रातही हाच शब्द आहे, प्रभू त्याला उठवील. ऐकणाऱ्या कुणालाही हा मरणातून उठवण्याचा शब्द वाटेल, आणि तो आहेच. पण मी अशी बाई आहे की रोज सकाळी पलंगावरून उठणं हेच माझ्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम. आधी कूस, मग कोपर, मग पाय खाली, मग उभं. कितीदा वाटतं, आज नको. अकरा वर्षं मी प्रार्थनेत 'बरी कर' म्हणत आले, 'उठव' असं कधी मागितलंच नव्हतं. मी रडले. मोठ्यानं नाही, पण फादरांना दिसलं असणार. त्यांनी माझे हात आणखी क्षणभर धरून ठेवले.

परत येऊन बसले तर तळव्यातल्या त्या वाटीत तेलाचा छोटा थेंब साचला होता, ऑलिव्हच्या तेलाचा. तो मी बोटांच्या सांध्यांवर चोळून घेतला. हे विधीत नाही. पण मला तसं करावंसं वाटलं.

दुपारभर झोपले. मळमळ संध्याकाळी ओसरली.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळी भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक पाहिलं. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथंच जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. त्यांना अपस्माराचे झटके येत. ९ डिसेंबर १९४२ ला त्याच आजारानं गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. आपण त्यांना शूर डॉक्टर म्हणून ओळखतो, ते स्वतः रुग्ण होते हे कमी लोकांना माहीत असतं. मावशी म्हणाली, "झटके येत असताना दुसऱ्याला टाके घालायचे." एवढंच बोलली आणि तिथल्या बाकावर बसून राहिली.

तिथून पूर्व भागात, मावशीच्या ओळखीच्या अक्कांकडे. हा सगळा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा भाग. पुरुष पूर्वी मागावर असत, पुढं यंत्रमाग आले. घराघरांतल्या बायका विड्या वळतात. अक्कांची जाऊ तीन आठवड्यांपूर्वी कुंभारीच्या रे नगरात राहायला गेलीय. १९ जानेवारीला पंतप्रधानांच्या हस्ते १५ हजार घरं दिली, त्यातलं एक तिचं. अक्का मात्र जुन्याच खोलीत.

उंबऱ्याशी बसून त्या विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. ओलसर केलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायची, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी वळायची, दोऱ्यानं बांधायची, मग तोंडाकडची पात नखानं आत दुमडायची. बोलता बोलता विडी तयार. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला पितळी रंग चढला होता आणि पेर जाड झालं होतं. मान सतत खाली, मधूनच खोकला.

मी विचारलं, मी एक करून बघू? त्यांनी पान दिलं. वळेपर्यंत जमलं, सैल का होईना. पण टोक दुमडायला बोटाच्या शेंड्यात जो नेमका जोर लागतो तो माझ्यात नाही. पान फाटलं. अक्कांनी माझा हात ओढून घेतला, अगदी सहज, जशी हत्याराची धार बघावी तसा उलटा-सुलटा करून बघितला. कललेली दोन बोटं दाबून पाहिली. दुखलं, पण मी हात काढला नाही.

"ताई, सिस्टर सांगतात तुमचा देव हात लावून बरं करायचा," त्या म्हणाल्या. "मग तुमच्या बोटाला का नाही केलं?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही, अक्का." मला याहून बरं उत्तर येत नाही. मावशीनं मग त्यांना योहानाच्या नवव्या अध्यायातली गोष्ट सांगितली. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. अक्का ऐकत ऐकत दोन विड्या वळून मोकळ्या झाल्या. "म्हंजे मागच्या जन्माचं बी न्हाई?" "नाही." "बरं झालं. माझी सासू लई बोलायची." आणि मी फाडलेलं पान त्यांनी बाजूला काढून ठेवलं. बाद गेलेलं पान त्यांच्या हिशेबातून जातं हे मला उशिरा कळलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, चहा केला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

कालच्या फिरण्याची किंमत आज. मनगटं सुजली, गुडघा गरम. दिवसभर अंथरुणात. खिडकीतून वाळलेल्या पानांचा आवाज, बाहेर कोरडं ऊन. सिद्धेश्वराचं तळं बघायचं ठरलं होतं, ते राहिलं.

मावशी खुर्ची ओढून बसली. बर्नाडेटविषयी बोलत होती. जिच्या हातानं तो झरा उघडा झाला ती मुलगी स्वतः जन्मभर दम्यानं बेजार होती, पुढं गुडघ्यात हाडाचा क्षय झाला, ३५ व्या वर्षी नेव्हेरच्या मठातच वारली. बरं होण्यासाठी झऱ्यावर जायचा हट्ट तिनं धरला नाही. आजारी असणं हेच आपलं काम, असं ती म्हणायची. मी म्हटलं, "मावशी, मला नाही जमत तसं म्हणायला. मला हे काम नको आहे." मावशी म्हणाली, "मलाही नको आहे."

लहानपणी आम्हाला काही लागलं, खरचटलं की आई म्हणायची, अर्पण कर. मला तो शब्द नंतर नकोसा झाला होता, रडू नको म्हणायचा तो धार्मिक प्रकार वाटायचा. मावशीला तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की अर्पण करायचं म्हणजे दुखणं आवडून घ्यायचं असं नाही. "रोज सकाळी हात थरथरायला लागला की मी एका माणसाचं नाव घेते. आज अक्का. काल तुझी मुलगी. हात थरथरणारच आहे, तर कुणासाठी तरी थरथरू दे." तिची जपमाळ टेबलावर होती, दहा-दहा मण्यांवर 'नमो मरिया' ही मारियामातेची प्रार्थना म्हणायची ती. मणी धरवत नाहीत म्हणून तिनं वर्षभरात हातात घेतलेली नाही. "मग जप?" मी विचारलं. तिनं दोन्ही हात वर केले. "बोटं दहा, नमो मरिया दहा. प्रत्येक बोट उघडेपर्यंत एक म्हणायची. तुझ्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय ना? तोच."

बुधवार, १४ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू. आज १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांना उपवास, मी ४७ ची. आजारी माणसांना तो बंधनकारक नाही आणि माझ्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत. तरीही वाटतं, सगळे उपाशी आणि मी पोहे खातेय. मावशीनं बशी पुढं केली आणि आजही तेच वाक्य. मी खाल्ले. त्याऐवजी चाळीस दिवस एक गोष्ट करायची ठरवलं, कुणी मदतीला हात पुढं केला की 'नको नको' म्हणायचं नाही. मला उपवासाहून हे जड जाणार आहे.

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, झावळ्या जाळून केलेली राख. रविवारी जिथं तेल होतं तिथंच आज कपाळावर राख. तू माती आहेस आणि मातीला मिळशील. आजारी माणसाला हे वाक्य परकं वाटत नाही. शेजारी उभ्या असलेल्या तरुण, धडधाकट मुलालाही तेच सांगितलं, तेव्हा मला त्याच्या जवळचं वाटलं.

मिस्सानंतर नव्या पेठेत खरेदी. सोलापुरी चादर हातात घेतली आणि खाली ठेवली, वजन झेपत नाही. टॉवेल बघितले. दुकानदार जाड, मऊ टॉवेल दाखवत होता, मी पातळ मागितला. जाड टॉवेल पिळता येत नाही. त्यानं काही न विचारता आतून पातळ विणीचे काढून आणले. शेंगा चटणीचं पाकीट घेतलं, भाकऱ्या मावशीनं बांधून दिल्याच होत्या.

येताना रिक्षावाल्यानं आरशातून माझ्या कपाळाकडे बघितलं. "सिद्धेश्वराला जाऊन आलाव का, ताई?" इथं कपाळावरची विभूती रोजची आहे, हे शहर सिद्धरामेश्वरांचं. म्हटलं, नाही, चर्चमधून. आज आमचा राखेचा दिवस. "व्हय का? तुमच्यात बी राख लावतात?" तो खूश झाला. कॉन्व्हेंटशी उतरताना त्यानं पिशव्या धरल्या. तोंडावर आलेलं 'नको' मी गिळलं. त्यानं त्या पार दारापर्यंत आणून दिल्या.

रात्री स्टेशनवर मावशी आली नाही. संध्याकाळी तिचा त्रास जास्त असतो. दारातच निरोप घेतला. तिच्या खांद्यावरची पिन सुटत आली होती. दोघींनी मिळून ती पुन्हा बसवली, या वेळी दुसऱ्याच प्रयत्नात.

गुरुवार, पहाटे

गाडी घाट उतरत असताना जाग आली. दोन्ही मुठी बंद. उशीच्या अभ्र्यावर राखेचा करडा डाग. डब्यात सगळे झोपलेले. डाव्या अंगठ्यापासून सुरुवात केली. नमो मरिया, अक्कांसाठी. दुसरी त्या रुमाल बांधलेल्या बाईसाठी. एकेक बोट सावकाश, ताण बसेपर्यंत, मग सोडायचं. कल्याणला डावा हात उघडला. ठाण्याला उजव्या हाताची तीन बोटं. दादर जवळ आलं तेव्हा अनामिका तिच्या कललेल्या जागेपर्यंत आली. करंगळी उरली होती. दहावी नमो मरिया मी मावशीच्या नावानं म्हटली. करंगळी उघडली नाही, ती आता उघडत नाही. कूस बदलली, कोपर टेकलं, पाय खाली सोडले. समोरच्या बर्थवरचा कॉलेजचा मुलगा जागा झाला होता. म्हणाला, "काकू, बॅग काढू का वरून?"

"काढ बाळा," मी म्हटलं.